जुन्या फियाटचं इंजिन खोलून बांधतात, म्हणजे नेमकं काय करतात?

आजोबांची किंवा वडिलांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे अशी घरं महाराष्ट्रात अजून पुष्कळ सापडतील. गाडी विकवत नाही आणि चालवताही येत नाही. मग एखाद्या दिवाळीत घरातलं कोणीतरी मनावर घेतं, मिस्त्रीला बोलावतं. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलची काडी ओढून बघतो, दोन मिनिटं कान लावून ऐकतो आणि सांगतो, "साहेब, इंजिनचं काम निघतंय." त्या कामात काय काय येतं, कोणतं आधी आणि कोणतं नंतर, पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, याची मालकाला बहुतेक वेळा कल्पना नसते. मग बिलावरून वाद होतात. वाद झाले नाहीत तरी सहा महिन्यांत गाडी परत निळा धूर सोडू लागते.

पहिल्यांदाच एक गोष्ट पक्की करून घेऊ. इंजिन बांधणं म्हणजे सगळे पार्ट नवे टाकणं नव्हे. इंजिनात धातूवर धातू फिरतो किंवा सरकतो, आणि अशा प्रत्येक ठिकाणी दोघांच्या मध्ये एक ठरलेली फट असते. त्या फटीत ऑइलचा पातळ थर राहतो. वर्षानुवर्षं झीज होऊन फट वाढते, कुठे कुठे घाण अडकून ती नाहीशीही होते. सगळ्या फटी पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणणं हेच ते काम. आकडेही किती बारीक! माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट त्याहूनही कमी, ०.०५ मिमीच्या आसपास असते. नुसत्या डोळ्यांनी किंवा बोटाने हे कळत नाही. मिस्त्री कितीही जुना असो, मायक्रोमीटर (इतकं बारीक माप घेणारं साधन) न वापरता तो "बोअर चांगला आहे" म्हणत असेल (बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक) तर त्याच्या शब्दावर पैसे लावू नयेत.

उदाहरणाला फियाटच घेऊ, कारण ती आपल्याकडची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनवल्या. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ पासून ११०० डी, आणि पुढे १९७४ पासून त्याच गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. नावं बदलत गेली, लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

इंजिनाची वंशावळ तर आणखी मागे जाते. ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), चार सिलिंडर, १०८९ सीसी, ही मापं इटलीत फियाटने १९३७ साली आणलेल्या गाडीतली. तीच मापं थोड्याफार सुधारणांसह कुर्ल्यात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. सिलिंडर असलेला बिडाचा ब्लॉक, त्यावर झाकणासारखा ॲल्युमिनियमचा हेड, बाजूला खाली व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, तिथून वर जाणारे पुशरॉड, वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, आणि पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या क्रँकला तीन मेन बेरिंग. ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. इतकं साधं इंजिन शिकायलाही सोपं आणि बांधायलाही सोपं. म्हणूनच पूर्वी जिल्ह्याच्या प्रत्येक गावात त्याचे जाणकार होते.

खोलण्याआधी

इंजिन खोलायचंच कशाला, हा प्रश्न आधी विचारावा. धुराच्या रंगावरून निम्मा अंदाज येतो. गाडी चढाला जोर लावताना निळा धूर सोडत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा बोअर गेला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर एक निळा झोत येत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) ऑइल ओढलं जातंय. हे काम फक्त हेड उतरवून होतं, अख्खं इंजिन उतरवायची गरज नसते. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पातळ थराकडे, बघा.

यापुढे कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. नुसत्या आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त बोलतो. तीन सारखे आणि एक पडलेला असेल, तर त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतून परत मोजायचं. आकडा वर चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे करायला दहा मिनिटं लागतात, आणि कितीतरी इंजिनं ही दहा मिनिटं न दिल्यामुळे विनाकारण खोलली जातात.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पिस्टन रिंगा बोअरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. अशा गाडीला बॅटरी लावून थेट स्टार्टर मारणं किंवा गिअरमध्ये टाकून ढकलणं म्हणजे रिंगा तोडून घेणं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल ओतावं, काही दिवस भिजू द्यावं आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करावं. पहिल्या दिवशी ती हलत नाही. चौथ्या दिवशी केसभर हलते. घाई करणाऱ्याचं इथेच नुकसान होतं.

इंजिन नंबर आणि कागद

खोलण्याआधी आणखी एक गोष्ट. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि नोंदणी १० वर्षांसाठी. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. यात 'मूळ स्वरूप' ही अट महत्त्वाची. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. त्यामुळे "साहेब, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवतो, स्वस्तात होईल" हा सल्ला ऐकण्याआधी दोनदा विचार करा. जुना ब्लॉक बोअर करता येतो, स्लीव्ह घालून वाचवता येतो, छोटी चीर असेल तर शिवताही येते. गेलेला नंबर मात्र परत आणता येत नाही.

खोलताना

खोलणं हे सगळ्यात सोपं काम, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पुशरॉड कोणत्या भोकातून निघाला, पुशरॉडखालचा टॅपेट कोणत्या कॅमवर चालत होता, बिग-एंडची (रॉडच्या क्रँकला जोडणाऱ्या टोकाची) कॅप कोणत्या कनेक्टिंग रॉडची आणि कोणत्या बाजूने होती, हे सगळं जसं निघालं तसं क्रमाने ठेवावं लागतं. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर नंबर लिहून पुशरॉड खोचून ठेवणारा मिस्त्री दिसला की मी निर्धास्त होतो. सगळं एका रॉकेलच्या टबात बुडवणारा दिसला की नाही. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र जोडून एकाच वेळी कोरलेली असतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही, आणि बेरिंग काही दिवसांत बोलू लागतं.

पिस्टन वर ढकलून काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. तिथे एक कड लागते. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच सिलिंडर झिजतो, त्याच्या वरचा भाग कोराच राहतो, म्हणून ही पायरी तयार होते. ती आधी खरवडून काढली नाही तर पिस्टन वर येताना रिंग त्यात अडकते आणि पिस्टनची रिंग बसायची खाचच तुटते.

बोअर: इथे वेळ द्या

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. स्फोटाचा दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त वरच्या टोकाशी असते आणि ऑइल तिथे सगळ्यात कमी पोचतं, म्हणून वर झीज जास्त आणि खाली कमी. दुसरं म्हणजे कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ढकलतो, त्यामुळे पिस्टन इंजिनाच्या आडव्या दिशेने भिंतीवर रेटला जातो. परिणामी मूळचा गोल आणि सरळ सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबगोल होतो. म्हणून एकेक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापं घ्यायची. चार सिलिंडरची चोवीस मापं वहीवर उतरवलेली असली की पुढे वादच उरत नाही.

झीज थोडी असेल तर नुसत्या नव्या रिंगा आणि होनिंग (भिंत दगडाने घासणं) पुरतं. वरची आणि खालची मापं ०.१५ मिमीच्या पुढे वेगळी निघू लागली की बोअर करणं आलं. म्हणजे सिलिंडर आतून कोरून थोडा मोठा आणि पुन्हा अगदी गोल करायचा, आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. हे ओव्हरसाइज पिस्टन ठरलेल्या पायऱ्यांनी येतात. मेट्रिक गाड्यांना ०.२, ०.४, ०.६ मिमी अशा, इंग्लिश गाड्यांना १०, २०, ३० थाऊ अशा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फियाटचा बोअर ०.६ मिमीने वाढवला की १०८९ सीसीचं इंजिन ११०९ सीसीचं होतं. चालवताना तो फरक जाणवतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

इथे एक नियम आहे, तो मोडल्यामुळे किती पैसे पाण्यात गेले असतील याचा हिशेब नाही. आधी पिस्टन हातात आणायचे, मगच बोअर करायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या एखाद्या जुन्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक घेऊन गेलात तर चांगला कारागीर पहिला प्रश्न हाच विचारतो, "पिस्टन कुठंयत?" कारण पिस्टनवर ०.४ लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात ते थोडंफार इकडे-तिकडे असतं. तो आधी चारही पिस्टन स्कर्टच्या (रिंगांखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजतो, आणि त्या मापात फट मिळवून प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनसाठी कोरतो. पिस्टनच्या डोक्यावर खडूने १, २, ३, ४ लिहितो. त्याउलट "ठोक साठने (०.६ मिमीने) मारून ठेवतो, पिस्टन मिळाले की बघू" म्हणणाऱ्याकडून ब्लॉक परत घेऊन यावा. जुन्या गाडीला हव्या त्या साइजचे पिस्टन मिळतीलच याची खात्री नसते, आणि कोरलेलं बीड परत भरून येत नाही.

काटकोनातच का मोजायचं? पिस्टन गोल नसतो म्हणून. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. गजन पिनच्या बाजूला धातू जास्त, म्हणून तिथे फुगवटाही जास्त. म्हणून पिस्टन थंड असताना मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता बनवतात. तापल्यावर तो गोल होतो. थंड इंजिनात पिस्टन हलका टकटक वाजला आणि पाच मिनिटांत आवाज बंद झाला, तर घाबरायचं कारण नाही.

बोअरच्या सगळ्या पायऱ्या संपल्या असतील, तर स्लीव्ह घालतात. सिलिंडर बराच मोठा कोरून त्यात बिडाची नळी दाबून बसवायची आणि ती परत ६८ मिमीला कोरायची. इंजिन स्टँडर्डला आलं. दुर्मिळ गाड्यांचे ब्लॉक याच उपायाने वाचतात.

कोरल्यानंतर होनिंग. दगडाच्या पट्ट्या फिरवत वर-खाली करून सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असं वाटतं, पण तशा भिंतीवर ऑइल थांबतच नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत. या रेषांत ऑइल धरून राहतं, आणि त्यांची टोकं पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगांना घासून बसवतात.

आता बहुतेक गॅरेजात जी पायरी गाळली जाते, ती. होनिंगनंतर भिंतीत दगडाचे अतिशय बारीक कण रुतलेले असतात. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसलं तर तेल निघून जातं, कण तिथेच राहतात. ते निघतात गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश यांनी. घासायचं, पाणी ओतायचं, परत घासायचं. मग पांढरं स्वच्छ फडकं हलक्या ऑइलमध्ये भिजवून सिलिंडरमधून फिरवायचं. फडकं करडं निघालं तर परत साबण. पांढरं निघेपर्यंत हेच. लगेच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर बीड तासाभरात गंजतं, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत. हे न करता बांधलेलं इंजिन स्वतःच्याच रिंगा खातं.

रिंगेच्या टोकांमध्येही फट लागते. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. ६८ मिमीच्या बोअरला साधारण ०.२ ते ०.३५ मिमी. कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते, म्हणून टोक बारीक कानशीने घासतात. पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवलेली रिंग म्हणजे जुगार.

क्रँक

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजायचे. लंबगोल झाले असतील किंवा रेघा पडल्या असतील तर ग्राइंड करून लहान करायचे आणि तेवढ्या जाड शेल (बेरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) घालायच्या. बोअर मोठा होत जातो तसा क्रँक अंडरसाइज, लहान होत जातो. बेरिंगची फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी धरतात, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५. कमी झाली तर ऑइलचा थर टिकत नाही, जास्त झाली तर ऑइल वाहून जातं आणि दाब पडतो.

ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. जर्नल जिथे क्रँकच्या भिंतीला भिडतो तिथला गोलवा तसाच राहिला पाहिजे. तिथे धारदार कोपरा झाला की क्रँक नेमका तिथूनच मोडतो. आणि ऑइलच्या वाटा बंद करणारी बुचं काढून आतून साफ केल्याशिवाय क्रँक परत घ्यायचा नाही. आत वर्षानुवर्षांचा काळा गाळ घट्ट बसलेला असतो, आणि ग्राइंडिंगची पूडही तिथेच जाते.

खऱ्या अर्थाने जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९०८ ते १९२७ या काळातल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये, शेल नसतात. कथिलात अँटिमनी आणि तांबं मिसळून केलेला बॅबिट धातू वितळवून थेट रॉडमध्ये ओततात आणि मग कोरून, घासून जर्नलला जुळवतात. ही कला येणारी माणसं आता थोडी उरली आहेत. फियाटला तो प्रश्न नाही, शेल बदलली की झालं.

हेड

ॲल्युमिनियमचा हेड आणि बिडाचा ब्लॉक हे जोडपं पाण्याशिवाय एकदा जरी तापलं, तरी हेड वाकतो. सरळ पट्टी आडवी आणि तिरकी ठेवून खाली ०.०५ मिमीचं फिलर गेज जातंय का बघतात. जात असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर तळ सपाट करणं. मात्र हेड प्रत्येक वेळी पातळ होत जातो, त्यामुळे "काढलाच आहे तर एक कट मारून टाकू" हे नको.

इथे थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, सांगायलाच हवं. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतात. रेडिएटर चोक झालेला असतो, पाण्याच्या वाटांत गंज साचलेला असतो, त्याकडे लक्षच नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन थंडीच्या सकाळी लवकर तापत नाही, पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बोअर झिजतो. ब्लॉकवरची पत्र्याची बुचं काढून आतला गाळ सळईने खरवडा, बुचं नवी टाका, थर्मोस्टॅट नवा बसवा आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. या सगळ्याचा खर्च बोअरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

व्हॉल्व्हच्या बाबतीत काळही बदलला आहे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि त्याचा थर व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेला) झिजण्यापासून वाचवत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हवेसाठी ते चांगलंच झालं, जुन्या मऊ सीट मात्र त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. हेड मशीनवर चढलाच आहे तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या टाकून घ्या. गाइड ढिले असतील तर तेही बदला, कारण ढिल्या गाइडमध्ये डुलणारा व्हॉल्व्ह कितीही घासला तरी सीटवर नीट बसत नाही.

आताची दुसरी डोकेदुखी पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, पेट्रोलच्या नळ्या, कार्ब्युरेटरची सील, हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्यावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

बांधणी

आता सगळं परत जागेवर. बांधणीची खोली झाडलेली, दार लावलेलं, शेजारी ग्राइंडर चालू नसलेला. प्रत्येक बेरिंगला, कॅमला, टॅपेटच्या तळाला भरपूर असेंब्ली ल्यूब किंवा घट्ट ऑइल. एक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा, मग दुसरी. अचानक जड झाला तर शेवटची कॅप संशयित. सगळं आवळून मग जड का म्हणून शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराला आवाज करणाऱ्या पान्यानेच). आटे आधी साफ केलेले हवेत, कारण गंजलेल्या आट्यात रेंच 'कट' करतो पण तो जोर घर्षणातच जातो, गॅस्केट दबतच नाही. टायमिंग चेनच्या दोन्ही खुणा जुळल्या की बाजूला होऊन दुसऱ्या माणसाला बघायला सांगावं. शेवटी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट. व्हॉल्व्हचा दांडा तापून लांबतो, फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. किंचित वाजणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट नको.

पहिली वीस मिनिटं

स्टार्ट करण्याआधी प्लग काढून ठेवून स्टार्टर मारायचा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. मग प्लग लावून सुरू करायचं. सुरू झालं की आनंदाने आयडलवर ठेवून चहा मागवू नये. कॅम आणि टॅपेट यांना ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला ते कमी उडतात. म्हणून पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं, पाण्याच्या काट्यावर आणि गळतीवर नजर ठेवून. ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-५० सारखं, आणि ज्यात झिंकचं प्रमाण चांगलं आहे असं घ्यावं. जुन्या पद्धतीच्या चपट्या टॅपेटना तेच वाचवतं, आणि आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. महागडं सिंथेटिक या वेळी नकोच, त्यात रिंगा घासून बसायला वेळ लागतो.

"नवं इंजिन आहे, हळू चालवा" हा सल्ला अर्धाच खरा. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. टॉप गिअरमध्ये तीसच्या स्पीडने रांगणाऱ्या गाडीत तो दाबच तयार होत नाही. रिंगा अर्धवट बसतात, भिंतीवर तेलाचा कडक चकचकीत थर जमतो आणि धूर सुरू होतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम स्पीडने थोडा जोर द्यावा, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप हळू होऊ द्यावं, असं आलटून पालटून. घाटात वर ताणू नये, सलग एकाच स्पीडवर तासभर चालवू नये.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत गॅरेजमध्ये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा तपासायचे, टॅपेट पुन्हा सेट करायचे, ऑइल आणि फिल्टर बदलायचा. निघालेलं ऑइल उन्हात पांढऱ्या थाळीत ओतून बघा. त्यात करडी, चांदीसारखी अतिशय बारीक चमक असेल तर रिंगा आणि बोअर एकमेकांना जुळवून घेतायत. चुंबकाला न चिकटणारे तांबूस कण किंवा बोटाला लागणारे तुकडे दिसले, तर गाडी घरी न नेता तिथेच ऑइल पॅन उतरवून बिग-एंडच्या शेल बघायच्या.